नायट्याच्या मलमाची वंशावळ

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याचा भाव मोठ्यानं विचारला जातो. सुता, ऐंठी, करधन हे दागिने काचेवर मांडले जातात, गिऱ्हाईक वजन पाहतं, घडणावळीवरून हुज्जत घालतं, पावती मागतं. याच भागातल्या एखाद्या औषधाच्या दुकानात दादचं मलम मागायचं झालं की त्याच गिऱ्हाइकाचा आवाज उतरतो. दुखणं बहुतेकदा जांघेत, कमरेच्या नाडीखाली किंवा काखेत असतं. ते डॉक्टरला दाखवण्यापेक्षा ‘दाद की कोई बढ़िया ट्यूब’ एवढं बोलून मोकळं होणं सोपं वाटतं. काउंटरवर पुढे येईल ती ट्यूब खिशात जाते. कॅरेटची खात्री करून घेणारा माणूस ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला थांबत नाही.

नायट्याच्या औषधाच्या बाबतीत ही सवय जुनी आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एक पिवळसर भुकटी नायट्यावर हमखास गुण देणारी म्हणून नावाजलेली होती, आणि ती कोणत्या झाडाची, कोणत्या देशाची, हे ती लावणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. तिचं नाव गोवा पावडर. आजच्या ट्यूबपर्यंतची वंशावळ लावायची तर ही भुकटी मधोमध येते. पण तिच्याही मागे एक पावसाळी भाजी आहे.

नायटा, गजकर्ण, दाद ही एकाच रोगाची नावं. कातडीच्या अगदी वरच्या निर्जीव थरात केराटिन नावाचं प्रथिन असतं, आणि त्यावर जगणाऱ्या बुरशा हा रोग घडवतात. बुरशी कडेनं पसरत जाते आणि मधला भाग निवळतो, म्हणून वर्तुळ उमटतं. कडा खाजते, लाल होते, तिच्यावर बारीक खपल्या धरतात. घाम, ओलसर कपडे, घट्ट शिवण आणि घरभर वापरला जाणारा एकच टॉवेल एवढं तिला पुरतं.

आपल्या वैद्यकात दद्रू या नावानं तो जुनाच ओळखीचा आहे. त्याला कुठे बसवायचं यावर मात्र मतभेद होता. चरकसंहितेनं त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत केली, सुश्रुतानं त्याला महाकुष्ठांत बसवलं. कुष्ठ हा त्या काळी त्वचारोगांचा मोठा गोतावळा होता आणि आज ज्याला आपण कुष्ठरोग म्हणतो तो त्यातला एक. नायट्याला चिकटलेल्या शरमेचं एक मूळ या शेजारात असावं. चट्टा दिसला की लोक आधी दूर सरकतात आणि मग कारण विचारतात. ज्याला तो झाला आहे तोही आधी झाकतो आणि मग औषध शोधतो.

औषध पायाशीच उगवत होतं. पहिल्या पावसानंतर उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर टाकळा माजतो. कोकणात आणि देशावर टाकळा, विदर्भात तरोटा आणि छत्तीसगडात चरोटा. कोवळ्या पानांची भाजी होते, आणि छत्तीसगडात चरोटा भाजीला श्रावणाच्या आसपास घरोघर मान असतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरांना ती ओळखायला वेळ लागला नसणार. रायपुरात तात्यापारा या वस्तीच्या नावात त्या काळाचं मराठी वळण अजून ऐकू येतं. संस्कृत ग्रंथांत या झुडपाला चक्रमर्द आणि एडगज म्हटलं आहे. त्याचं आणखी एक नाव दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा. त्याचं बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून चट्ट्यावर लावायची रीत वैद्यांच्या पोथ्यांत आहे आणि आजीबाईंच्या बटव्यातही आहे.

या घरगुती लेपाला बाजारात भाव नव्हता. उकिरड्यावर फुकट मिळणाऱ्या बियांना कोण पैसे देणार? पैसे मोजले गेले ते दूरवरून आलेल्या आणि ओळख न सांगणाऱ्या भुकटीला.

१८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये या भुकटीबद्दल लिहिलं. मुंबईकरांना केम्प हे नाव नवं नाही. केम्प आणि कंपनी या औषधाच्या दुकानावरून शहरातल्या एका नाक्याला केम्प्स कॉर्नर म्हणतात. केम्प यांनी लिहिलं तोवर गोवा पावडर पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच काळापासून वापरात होती. मातकट पिवळी, जुनी झाली की तपकिरी पडणारी, चवीला कडू. ती व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कालवून नायट्यावर लावत. आंबटात वाटलेल्या टाकळ्याच्या बियांचा लेप आठवावा अशीच ही रीत. कातडी काळपट पडे, कपड्यांना न निघणारे डाग पडत, चुकून बोट डोळ्याला लागलं तर डोळा लाल होऊन सुजे. एवढं सोसूनही लोक ती घेत, कारण नायटा खरोखर जात असे.

ती गोव्याची म्हणावी, तर गोव्यात तसं झाड कोणाला सापडत नव्हतं. जुन्या औषधकोशांत तिची आणखीही नावं आढळतात: ब्राझील पावडर आणि पोर्तुगीज वळणाचं ‘पो द बाइआ’, म्हणजे बाइआची भुकटी. बाइआ हा ब्राझीलचा किनारी प्रांत आणि साल्वादोर हे तिथलं बंदर. लिस्बन आणि गोवा यांच्यामधल्या जहाजवाटेवर हे बंदर थांब्याचं होतं. ब्राझील १८२२ पर्यंत पोर्तुगालच्याच ताब्यात होता. काजू याच वाटेनं ब्राझीलहून आपल्याकडे आला आणि इतका रुजला की कोकणी माणूस त्याला आपलाच समजतो. काजूचं झाड इथे लागलं. भुकटीचं झाड मात्र तिकडेच राहिलं आणि भुकटी तेवढी येत राहिली. वर्षानुवर्षं हातोहात फिरताना मूळ गाव गळून पडलं आणि शेवटच्या दुकानाचं गाव नावात उरलं.

ही गाठ एका लेखानं सुटली. जोसेफ फेरर हा कलकत्त्यात काम केलेला शल्यवैद्य, भारतातल्या विषारी सापांवरच्या सचित्र ग्रंथासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं. १८७४ मध्ये त्यानं लंडनच्या ‘मेडिकल टाइम्स अँड गॅझेट’मध्ये गोवा पावडरच्या गुणाबद्दल लिहिलं. तो अंक बाइआला पोचला. तिथल्या जे. एफ. दा सिल्वा लिमा या डॉक्टरनं वाचला आणि त्याला वर्णन ओळखीचं वाटलं. ही तर आमची अरारोबा! १८७५ मध्ये त्यानं तसं कळवलं. भारतातल्या अनुभवावर लिहिलेलं, लंडनला छापलेलं आणि ब्राझीलमध्ये वाचलेलं एक टिपण, आणि त्यातून मुंबईला कळलं की आपण इतकी वर्षं काय लावत होतो.

अरारोबा हे बाइआच्या दमट जंगलातलं उंच झाड. आज वनस्पतिशास्त्रात त्याला व्हाटायरिओप्सिस अरारोबा म्हणतात. त्याच्या खोडात, आतल्या लाकडाच्या भेगांत आणि पोकळ्यांत ही भुकटी साठत जाते. जून झाड तोडायचं, ओंडके फोडायचे आणि कुऱ्हाडीनं भेगा खरवडून भुकटी काढायची, असं ते काम. हवेत उडणाऱ्या धुळीनं तोडणाऱ्यांचे डोळे आणि चेहरे जळत. मुंबईच्या गिऱ्हाइकाचं बोट डोळ्याला लागल्यावर जे होई ते त्यांना रोजच सोसावं लागे.

झाड कळल्यावर रसायन शोधणं सोपं झालं. १८७५ मध्येच जॉन ॲटफील्डनं भुकटीचं पृथक्करण केलं आणि तिचा बहुतांश भाग क्रायसोफॅनिक आम्ल आहे असं सांगितलं. १८७८ मध्ये लीबरमान आणि साइडलर या जर्मन रसायनज्ञांनी ती समजूत दुरुस्त केली. मूळ भुकटीतलं द्रव्य त्याच्या जवळचं, पण वेगळं होतं. त्याला क्रायसारोबिन हे नाव मिळालं. ते हवेतल्या ऑक्सिजननं बदलत जातं, म्हणूनच भुकटी जुनी झाली की काळवंडते आणि कातडीवर डाग धरते. १८८५ च्या ब्रिटिश औषधसंहितेत क्रायसारोबिन दाखल झालं. गोव्याच्या नावानं फिरलेल्या भुकटीला आता लॅटिन नाव आणि ठरलेली कृती होती.

याच सुमारास लंडनचा त्वचारोगतज्ज्ञ बॅलमॅनो स्क्वायर याच्याकडे एक रुग्ण आला. अंगावरचे चट्टे नायट्याचे समजून त्यानं गोवा पावडर लावली होती. चट्टे खरं तर सोरायसिसचे होते, आणि ते बरे होत होते! स्क्वायरनं १८७६ पासून याचा पाठपुरावा केला. चुकीच्या रोगाला लावलेलं औषध बरोबर निघालं आणि या घराण्याची एक शाखा सोरायसिसकडे वळली. पहिल्या महायुद्धात ब्राझीलची भुकटी जर्मनीला मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या कारखान्यानं तिच्याच साच्यावर एक कृत्रिम द्रव्य घडवलं. क्रायसारोबिनच्या रेणूतला एक मेथिल गट काढला की ते होतं. गालेवस्की आणि उना या डॉक्टरांनी १९१६ मध्ये त्याचे गुण मांडले. त्याचं नाव डिथ्रॅनॉल. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर ते आजही लिहून दिलं जातं आणि आजही कपड्यांना डाग पाडतं.

टाकळ्याची गोष्ट इथे पुन्हा येऊन मिळते. १९७५ मध्ये टी. के. आचार्य आणि आय. बी. चॅटर्जी या भारतीय संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य वेगळं करून दाखवलं. ते निघालं क्रायसोफॅनिक आम्लाचं अँथ्रोन, म्हणजे गोवा पावडरीतलं क्रायसारोबिनच. ज्या द्रव्यासाठी बाइआत झाडं फोडली जात होती आणि मुंबईत पैसे मोजले जात होते, ते कोकणच्या आणि छत्तीसगडच्या उकिरड्यावर दर पावसाळ्यात फुकट उगवत होतं. बियांत त्याचं प्रमाण थोडं आणि भुकटीत भरपूर, हा फरक खरा, आणि गुणाच्या जोरात तो दिसणारच. म्हणून आज कोणी ट्यूब टाकून टाकळ्याचा लेप लावावा असं मुळीच नाही. पण दद्रुघ्न हे नाव ठेवणाऱ्यांची पारख खरी होती, एवढं या शोधानं सिद्ध झालं.

केम्प यांनी गोवा पावडरबद्दल लिहिण्याआधीच रोगाचं कारणही उघड झालं होतं. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबीनं डोक्याच्या कातडीच्या रोगांत सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दाखवली होती. तरी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबाला जांघेत नायटा झाला की दोष धोब्याला जाई, आणि त्या दुखण्याला इंग्रजीत ‘धोबी इच’ हेच नाव पडलं. धोब्याच्या नावाशी जोडलेलं एक दुखणं खरं होतं, पण ते वेगळं. कपड्यांवर खूण करायला धोबी बिब्ब्याचा रस वापरत, आणि बिब्बा ज्यांना उततो त्यांच्या मानेवर किंवा कमरेवर नेमकी त्या खुणेच्या जागी पुरळ उठे. ती बिब्ब्याची ॲलर्जी होती, तिथे बुरशीचा संबंध नव्हता. जांघेतला नायटा घाम, उकाडा आणि जाड लष्करी विजार यांच्यातून येई. औषधासारखंच रोगाच्याही बाबतीत चुकीचं गाव आणि चुकीचा माणूस नावात अडकला.

विसाव्या शतकात डाग पाडणाऱ्या भुकटीची जागा पांढऱ्या मलमानं घेतली. १९०७ मध्ये आर्थर व्हिटफील्ड या ब्रिटिश डॉक्टरनं ६ टक्के बेन्झोइक आम्ल आणि ३ टक्के सॅलिसिलिक आम्ल यांचं मलम सुचवलं. सॅलिसिलिक आम्ल वरची कातडी सोलतं आणि बुरशीचा आसराच जातो. बेन्झोइक आम्ल तिची वाढ रोखतं. लावताना चुरचुरतं, बरं व्हायला वेळ लागतो, पण स्वस्त आणि प्रामाणिक. सरकारी दवाखान्यांतल्या बरण्यांतून कागदावर काढून मिळणारं मलम बहुधा हेच असे. बाजारात त्याच्या शेजारी सपट लोशन, जालीम लोशन, बी-टेक्स मलम ही नावं आली. एसटी स्टँडवर आणि रेल्वेच्या डब्यात ‘दाद, खाज, खुजली’ची आरोळी देत फिरणारे विक्रेते आले. १८८० च्या दशकात रेल्वे रायपूरला पोचल्यावर मुंबई-नागपूरचा असा माल छत्तीसगडच्या बाजारांत उतरणं सोपं झालं. या औषधांच्या गुणाची खूण गिऱ्हाइकाच्या मनात ठरलेली होती. झोंबलं पाहिजे. झोंबतं म्हणजे लागू पडतं.

बुरशीवर नेम धरून मारणारी औषधं यायला आणखी पन्नास वर्षं लागली. ग्रिसिओफल्विन हे द्रव्य १९३९ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून मिळालं होतं, पण ते पोटात घेऊन नायटा बरा होतो हे १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स जेंटल्सनं गिनीपिगवर दाखवलं. या कथेत पुण्याजवळच्या पिंपरीचाही एक धागा आहे. तिथल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी १९६० च्या सुमारास मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढलं. जिवाणूला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचं नाव औषधाच्या वंशावळीत इथे एकदा तरी बरोबर लागलं. हॅमायसिनचा उपयोग मुख्यतः यीस्ट जातीच्या बुरशीवर झाला. नायट्यासाठी पुढे क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल यांसारखी मलमं आणि मग टर्बिनाफिन आलं. ही औषधं झोंबत नाहीत, डाग पाडत नाहीत आणि बुरशीच्या पेशीचं आवरणच बनू देत नाहीत.

त्याच काळात एक वेगळंच घराणं याच ट्यूबमध्ये शिरलं. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे दिसलं. पुढे बीटामेथासोन आणि क्लोबेटासॉल अशी कितीतरी पटींनी तीव्र स्टेरॉइडं आली. एक्झिमा, सोरायसिस, कातडीची ॲलर्जी यांवर ती उत्तम औषधं आहेत. नायट्यावर लावली तर खाज एका दिवसात थांबते, लाली ओसरते, आणि आत बुरशी निवांत पसरते, कारण तिच्याशी लढणारा शरीराचा दाहच स्टेरॉइडनं शमवलेला असतो. मलम थांबवलं की चट्टा दुप्पट होऊन परत येतो. कडा पुसट होतात, वर्तुळ मोडतं, डॉक्टरलाही ओळखू येत नाही. १९६८ मध्ये आइव्ह आणि मार्क्स या ब्रिटिश डॉक्टरांनी अशा नायट्याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’ म्हटलं, वेषांतर केलेला नायटा. इतकी वर्षं औषध आपली ओळख लपवत होतं. आता औषधानं रोगाचीच ओळख लपवली.

भारतात या स्टेरॉइडला बुरशीचं एक औषध आणि जिवाणूंची एक-दोन औषधं जोडून एकाच ट्यूबमध्ये सगळं भरलं गेलं. कशानं खाजतं ते पाहायची गरजच नाही, काहीतरी लागू पडेल. काउंटरवर कुजबुजणाऱ्या गिऱ्हाइकासाठी याहून सोयीची चीज नव्हती, आणि पहिल्याच रात्री खाज थांबल्यावर त्याची खात्रीही पटे. झोंबण्याच्या जागी आता आराम ही गुणाची खूण झाली होती. दोन्ही खुणांनी आत काय चाललं आहे ते कळत नाही.

२०१३-१४ च्या सुमारापासून देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळा नायटा दिसू लागला. तो अंगभर पसरतो, घरातल्या सगळ्यांना होतो, महिनोन्महिने हटत नाही आणि टर्बिनाफिनला दाद देत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए हे नाव दिलं. टर्बिनाफिन बुरशीच्या ज्या विकरावर काम करतं त्याच्या जनुकातच तिनं बदल करून घेतला आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे पहिले रुग्ण नोंदले गेले. ब्राझीलहून औषध आलं होतं, आता भारताच्या नावाची बुरशी निघाली आहे. तिच्या फैलावाला स्टेरॉइडमिश्रित मलमांनी हातभार लावला असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. २०१८ मध्ये सरकारनं कातडीवरच्या अनेक स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. त्याच वर्षी ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, आणि त्यांत काही अशी मलमंही होती. काउंटरवरची सवय अशा आदेशानं लगेच बदलत नाही.

आज नायट्याचा इलाज खरं तर कंटाळवाणा आहे. डॉक्टरला चट्टा उजेडात दाखवायचा. बुरशीचं मलम चट्ट्यावर आणि त्याच्या भोवतीच्या सुमारे दोन सेंटीमीटर चांगल्या कातडीवरही लावायचं. पसरलेला असेल तर इट्राकोनाझोलसारखी गोळी आठवडेच्या आठवडे, डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायची, आणि चट्टा दिसेनासा झाला म्हणून मध्येच सोडायची नाही. घरात आणखी कोणाला असेल तर सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यायचे. टॉवेल आणि आतले कपडे वेगळे ठेवायचे, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर नायट्यासाठी ती परत करायची. क्लोट्रिमाझोल आणि क्लोबेटासॉल ही नावं ऐकताना सारखीच वाटतात. पहिलं बुरशीला मारतं, दुसरं तिला मोकळं रान देतं.

आणि ही नावं वाचता येतील अशी छापायला कोणाची हरकत असावी? डबीवर स्टेरॉइडचं नाव इंग्रजीत, भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत असतं. ते ब्रँडच्या नावाइतकं मोठं आणि देवनागरीत छापा, खाली ‘नायट्यावर लावू नये’ अशी एक ओळ द्या. दा सिल्वा लिमाच्या काळात ओळख पटवायला तीन खंड आणि एक योगायोग लागला होता. आता ती ओळख कंपनीला ठाऊक आहे, औषध निरीक्षकाला ठाऊक आहे आणि बहुतेक दुकानदारांनाही ठाऊक आहे. फक्त मलम लावणाऱ्याला ती सांगायची राहिली आहे.